तीन नंबरची खुर्ची

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मीही आधी हसलो होतो. पण हे माझ्या मावसबहिणीच्या, चिमीच्या बाबतीत घडलंय. आणि चिमी काही थापा मारणाऱ्यातली नाही.

ती न्यूक्लिअर मेडिसिनच्या पदवीला होती. शेवटचं वर्ष, हॉस्पिटलच्या तळघरात इंटर्नशिप. ती पूर्ण झाल्याची सही मिळायला फक्त दोन आठवडे उरले होते. मावशीने तर गावभर सांगून टाकलं होतं.

हाडांच्या स्कॅनआधी तिथे किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन देतात. मग तीन तास बसवून ठेवतात. त्या सोमवारी चिमीने एका आजींना तीन नंबरच्या खुर्चीत बसवलं.

आजींनी दोनदा विचारलं, "बाळा, कसंतरीच होतंय गं. जरा बाहेर जाऊ का?"

चिमी परीक्षेच्या नोट्स वाचत होती. मान वर न करताच म्हणाली, "बसा हो आजी. अजून वेळ आहे."

तीन तासांनी बोलवायला गेली, तर...

आजी बसल्या जागीच गेल्या होत्या.

चिमीला कोणी बोल लावला नाही. कारण आजींनी दोनदा विचारलं होतं, हे तिने कोणाला सांगितलंच नाही.

शनिवारी दुपारी दोनला डिपार्टमेंट बंद होतं. त्याआधी मीटरने प्रत्येक खुर्ची तपासून आकडा वहीत लिहायचा. किरणं असली की मीटर टिकटिकतं. पाळी चिमीची होती.

एक नंबर. शांत.

दोन नंबर. शांत.

तीन नंबर...

टिक. टिक. टिकटिकटिक.

"दादा, सोमवारचं औषध राहिलं असेल का हो इथे?"

टेक्निशियनदादांनी मीटर हातात घेतलं.

शांत!

"अगं, सहा तासांत निम्मं होतं ते. शनिवारपर्यंत काय राहणार, कप्पाळ? झोप काढ जरा." ते हसत वर निघून गेले.

मीटर परत चिमीच्या हातात आलं...

टिकटिकटिक.

वहीत शून्य लिहायचं आणि सुटायचं, एवढंच तर होतं. पण हात चालेना. शेवटी ती रडतच म्हणाली, "चुकलं माझं, आजी. चला... तुमचा नंबर आला."

टिकटिक थांबली.

मग दाराशी... टिक.

स्कॅनच्या खोलीत... टिक. टिक.

स्कॅनच्या टेबलावर... टिकटिकटिक.

चिमी त्यानंतर कॉलेजला गेलेलीच नाही. मावशी डोक्याला हात लावून बसलीय. "सहा दिवसांसाठी सगळी वर्षं पाण्यात घालतेय कार्टी! तू तरी समजाव रे तिला."

मी समजावलं. "अगं, माफी मागितलीस, आजी उठल्या. मग आता कसली भीती?"

चिमी नखं कुरतडत होती.

"सवयच आहे रे मला," ती म्हणाली. "टेबलावर पेशंट आला की तोंडातून निघूनच जातं. 'मी सांगेपर्यंत अजिबात हलायचं नाही हं,' आजींनाही म्हणाले मी... आणि पळून आले."

त्या टेबलावर रोज नवे पेशंट झोपतायत. मावशीला काय सांगावं, मला अजून कळत नाहीये.