नाव झाकलेली खोली

तो मोबाईल खाली ठेव, रविराज. खोली उद्याबी बुक हुईल. स्वस्तात मिळतीय म्हणून दात काढतोयस, पन आदी आयक. मंग काय करायचं ते कर. तुमी पोरं माझं आयकत न्हाई हे ठाऊक हाय मला.

माझी शाळा चौथीपत्तूर. भूतबीत मी कवा बघितलं न्हाई. रातच्याला जनावरं हाकत घोडेगावच्या बाजाराला गेलो, मसनवट्यातून गेलो, काय दिसलं न्हाई. हे सांगतो ते अमृतनं सांगितलेलं हाय. शेवटचं तेवढं माझ्या डोळ्यानं बघितलेलं.

अमृत म्हंजे सहादेवाचा पोरगा. सहादेव आन मी, जोडीनं चाळीस वर्सं हेडीपना केला, म्हंजे जनावरांची घेवदेव. आमचा सौदा तोंडानं व्हायचा न्हाई. हातावर टावेल टाकायचा आन खाली एकमेकाची बोटं धरायची. तीन बोटं दाबली म्हंजे तीन. हजार का दहा हजार, ते आदी बोलून ठेवायचं. भोवती पन्नास मान्सं उभी असली तरी आकडा कुनाला कळत न्हाई. पटलं की समोरच्याच्या पालथ्या हातावर थाप. झाला सौदा.

अमृत हे बघत मोठा झाला. पुढं शिकला, राहुरीत ट्रॅक्टरच्या शोरूमला लागला, आन बापाची अक्कल मोबाईलमधी घातली. हॉटेलात खोल्या रिकाम्या राहिल्या की मालक त्या गुपचूप स्वस्तात काढतो म्हनं. नाव झाकून ठेवतो, म्हंजे नेहमीच्या गिऱ्हाइकाला कळायला नको. आपन गाव बघायचं, हॉटेलाला चांदण्या किती ते बघायच्या, आन आपला आकडा टाकायचा. मालकाला पटला की पैसे तिथंच कापले जातात, मंग नाव उघडतं. पैसे परत न्हाई. शिर्डीला, नाशकाला, महाबळेश्वरला, सगळीकडं तो असाच राहिला. दर बारीला मला येऊन सांगायचा, आबा, चार हजाराची खोली अकराशेत पाडली.

मी म्हनायचो, जनावराचं वय दातावरनं कळतं, दात न बघता घेतो काय रं तू?

तर म्हनायचा, "आबा, जुनं झालं ते."

मागच्या वर्सी जूनची सात तारीख. शुक्रवार. अमावस्या आदल्याच दिवशी सरली हुती, पाऊस उतरला नव्हता. भंडारदऱ्याला काजवे बघायला अख्खा जिल्हा पळत हुता. खोल्यांचे भाव आभाळाला भिडलेले. अमृतची पोरगी निकिता, सहा वर्सांची, तिला काजवे बघायचे हुते. ह्यानं आकडा टाकला नवशे. त्याला वाटलं हसतील. दुसऱ्याच मिनिटाला खोली मिळाली.

बाजारात असं कुनी लगेच मान हलवली तर आमी हात काढून घ्यायचो. जनावरात खोट असती. ह्यानं बायकोला फोन दाखवून मिशीला पीळ दिला.

संगमनेर, अकोले, राजूर करत दिवस मावळायला पोचले. धरणाच्या कडंनं रस्ता जातो, तिथं आतल्या अंगाला तीन मजली हॉटेल. रंग नवा. चादरी सवच्छ. धनश्री म्हंजे अमृतची बायको, ती सुदा खूश झाली. गल्ल्यावर एकच मानूस. त्यानं आधार कार्ड मागितलं न्हाई, सही मागितली न्हाई. एवढंच इचारलं, मुलगी किती वर्साची? अमृत म्हनला, सहा. त्यानं लिवून घेतलं आन शेवटच्या खोलीची चावी दिली.

काजवे बघितले, पिठलं-भाकर खाल्ली, अकराला माघारी येऊन झोपले. भिंतीकडं पोरगी, मधी धनश्री, कडंला अमृत.

दोन चाळीसला पंखा थांबला. लाईट गेली. अमृतला अर्धवट जाग आली तवा त्याचा हात कुनीतरी गोधडीत धरला हुता.

त्याला वाटलं धनश्री. लग्नाच्या नवाळीत त्यानंच तिला बोटांचा खेळ शिकवला हुता. साडी हवी असली की ती पांघरुनातून बोटं दाबायची, आन हा भाव पाडायचा. तो गालात हसला म्हनं. एवढ्या वर्सांनी हिला आठवलं.

पाच बोटं दाबली गेली.

ह्यानं तीन दाबली.

तिकडून लगेच तीन.

लई लवकर उतरली की ही... म्हनून ह्यानं दोन दाबली.

तो हात थांबला. बराच येळ. समोरच्याचा इस्वास बसंना, असा.

मंग दोन बोटं. आन पालथ्या हातावर थाप.

त्याच टायमाला बाथरूमातनं धनश्रीचा आवाज आला.

"अहो, लाईट गेली का? बॅटरी दाखवा जरा."

...

हात अजून हातात हुता.

मंग सुटला. घाई न्हाई. काम उरकल्यावानी.

अमृतनं मोबाईलची बॅटरी लावली. भिंतीकडं निकिता झोपलेली. मधली जागा रिकामी. पन गादी दबलेली... आन ती हळूहळू वर आली.

त्यानं पोरगी उचलली. बायकोला हाताला धरून वढली. चपला तिथंच. खाली गल्ल्यावर कुनी न्हाई, फाटक सताड उघडं. गाडी शेंडी गावच्या चौकात आनून एका दिव्याखाली लावली, काचा वर केल्या. पोरीचे कपडे काढून अंग अंग बघितलं. ओरखडा न्हाई. डाग न्हाई. धनश्री इचारतीय, झालं काय?

पोरगी जागी झाली. आईला म्हनली,

"मम्मी, झोपेत माझे दात कोन बघत हुतं?"

...

तिसऱ्या दिवशी अमृत माझ्याकडं आला. आल्या आल्या रडायला लागला. मी म्हनलो, रडू नको, सौदा सांग. जसा झाला तसा सांग. बोटं धरून दाखीव. त्यानं माझाच हात धरून दाखिवला. मी इचारलं, हात कसला हुता? गार हुता का? केसाळ हुता?

"न्हाई आबा. चांगला हुता. आपल्या लोकांसारखा. सवयीचा."

मी माझा हात सोडवून घेतला. म्हनलो, आदी हात कुनी धरला? त्यानं. आदी आकडा कुनी दिला? त्यानं. अरं गाढवा, आदी हात धरून आकडा देतो तो गिऱ्हाईक. तो पाच देत हुता. तू तीन म्हनलास. तो तीनाला कबूल, तर तू दोनावर आलास. जन्मभर घेनाऱ्याचाच हात चालवलास, आपन इकतोय हे तुला उमगलं बी न्हाई. घरातल्या मालाचा भाव आपल्या हातानं पाडला.

तो हळूच म्हनला, "आबा, दोन काय?"

काय सांगनार? दोन हजार, दोन लाख... दोन काय ते आदी बोलून ठेवायचं असतं. तिथं कुनी काय बोललंच नव्हतं.

तरी एक वाट हुती. थाप पडली तरी गिऱ्हाइकानं जनावरावर आपली निशानी करायच्या आत सौदा मोडता येतो. हात जोडायचे, चूक झाली म्हनायचं. मी म्हनलो, चल, मला पोरगी दाखीव. काय नसंल तर आजच भंडारदऱ्याला जाऊ. त्या खोलीत मी झोपतो. बोटं मी धरतो. सहादेवाचं मीठ खाल्लंय मी.

राहुरीला त्याच्या घरी गेलो. धनश्री पोरीची येनी घालत हुती. मी पोरीला जवळ घेतलं, तळवे बघितले, पाठ बघितली. काय न्हाई. अमृतच्या तोंडावर रंग आला. मी सुदा सुटलो म्हनलो. चहा टाक म्हनलो धनश्रीला.

ती उठता उठता म्हनली, "आबा, हे बघा बरं. नायटा हाय का हा?"

आन तिनं पोरीच्या मानेवरचे केस वर केले.

...

नायटा नव्हता.

बोटभर जागा. आडवी. कात्रीनं कातरलेली, कातडीला न लागता. सरळ. हेडी जनावराच्या पुठ्ठ्यावर कातरतो, तशी. माल माझा झाला. आता सवडीनं न्यायला येईन.

मी जन्मात कितीक कातरल्यात. निशानी झाल्यावर मान्सं माझ्या मागं पळत यायची. म्हातारी बाई पायावर पडायची, पोरगं गायीच्या गळ्यात पडून रडतंय, राहू दे म्हनायची, पैसे परत घे म्हनायची. मी एकीचंबी आयकलं न्हाई. धंद्यात असं आयकत नसतात. म्हनून त्या दिवशी मी भंडारदऱ्याला गेलो न्हाई. जाऊन काय म्हननार हुतो? समोर माझ्यासारखाच बसला असंल.

धनश्रीला म्हनलो, शाळंत कुना पोरीनं कात्री लावली असंल. येतील केस.

अमृत माझ्याकडं बघत हुता. तो हेड्याचा पोर. त्याला सांगायला लागलं न्हाई. चहा तसाच राह्यला.

दीड वरीस होत आलं आता. पोरगी शाळंत जाती, हसती, खेळती. केस कमरंपत्तूर आलेत तिचे. परवा बाजारात भेटली, आबा म्हनून गळ्यात पडली, तवा मी येनी बाजूला सारून बघितलं.

तेवढी बोटभर जागा... कालच कातरल्यावानी.