आठ नंबरचा बिल्ला

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी तिथे होते. गुरुवार, संध्याकाळचे पावणेपाच.

माझा दादा पियानो सुरात लावतो. त्याचं पोट त्याच्या कानांवर चालतं. जुनं, नक्षीकामाने भरलेलं बरोक शैलीचं चर्च बघायला आम्ही गेलो, पण छतावरची चित्रं, सोनेरी देवदूत यांत त्याला काडीचा रस नव्हता. त्याला ऐकायच्या होत्या मनोऱ्यातल्या घंटा.

मनोऱ्याच्या दाराशी खिळ्यांची फळी होती. वर जाणाऱ्याने तिथला नंबर कोरलेला पितळी बिल्ला घ्यायचा, उतरल्यावर परत टांगायचा.

"फळी भरली की मी दार लावतो आणि पाचला घंटांचं बटण दाबतो," राखणदार म्हणाले. "त्या वेळी वर कुणी राहिलं, तर कान गेलेच समजा."

मी सात नंबर घेतला, दादाने आठ.

वर पोहोचेपर्यंत माझा जीव मेटाकुटीला आला. दादा मात्र मोठ्या घंटेला कान लावून उभा.

"पाच वाजत आलेत, दादा."

"तू हो पुढे, घाबरट. मी आलोच."

मी उतरायला लागले. गोल, अरुंद जिना. एका वेळी एकच माणूस मावेल इतका.

थोड्या वेळाने मागे पावलं वाजली...

"आलास एकदाचा," मी म्हटलं. उत्तर नाही. रुसला असेल. मी आपली बडबडत उतरत राहिले.

मी थांबले की पावलंही थांबत...

खाली आल्यावर मी वळून न बघताच हात मागे केला. "दे तुझा बिल्ला."

तळहातावर बिल्ला पडला...

बर्फासारखा गार.

मी दोन्ही बिल्ले टांगले आणि वळले.

मागे कुणीच नव्हतं.

गेला असेल आत, असं म्हणून मी चर्चमध्ये डोकावले. सगळे बाक रिकामे.

परत आले तर दाराला कुलूप, आणि राखणदारांचा हात बटणावर.

"माझा भाऊ कुठे आहे?"

"दोन्ही बिल्ले आलेत. म्हणजे दोघंही खाली."

तेवढ्यात वरून आवाज आला...

टण्.

अगदी हलका. बोटाने वाजवल्यासारखा.

"तो वरच आहे! हात काढा!"

त्यांनी हात काढला. कुलूप उघडून आम्ही हाका मारल्या, तेव्हा कुठे दादा कुरकुरत खाली आला.

"एकटीच कुणाशी एवढ्या गप्पा मारत होतीस?"

त्याच्या हातात बिल्ला होता.

आठ नंबर.

फळीवरही आठ नंबर होता. झिजलेला, काळा पडलेला.

राखणदारांनी तो खिळ्यावरून काढून उजेडात धरला.

"हा जुना. माझ्या आधीच्या राखणदाराच्या वेळी कुणीतरी वर नेला, तो परत आलाच नाही. म्हणून नवा करून घेतला होता."

"कुणी नेला होता?"

त्यांनी दाराला पुन्हा कुलूप घातलं. त्या दिवशी घंटा वाजल्याच नाहीत.

दादा अजून ही गोष्ट चारचौघांत हसून सांगतो. मला हसू येत नाही.

जो इतकी वर्षं वर अडकला होता, तो माझ्या मागोमाग खाली उतरला. त्याचा बिल्ला मीच टांगला. पण तिथून तो गेला कुठे?

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. जिना उतरताना मी आता दोन्ही हात छातीशी धरते.

मागे पावलं असतातच...