बेडकांच्या शेपट्या कुणी पळवल्या?

“ताई, त्यांना बसायला पाट ठेव ना! पोहून पोहून दमतील ती,” धाकटी मनू परवाच म्हणाली होती.

इरावती खो खो हसली होती. “बेडकांना पाट? मग भोवती रांगोळीपण काढू की!”

आज मात्र तिला हसू येईना. काळाचौकीतल्या त्यांच्या चाळीच्या चौकात विसर्जनाचा छोटा हौद होता. त्यात पावसाचं पाणी साठलं होतं आणि बेडकाची पिल्लं वळवळत होती. गणपतीची सुट्टी लागल्यापासून दोघी बहिणी आणि शेजारचा अनिश तिथेच पडीक! पिल्लांना पाय फुटले तेव्हा तिघांनी नाचून घेतलं होतं. पण आता त्यांच्या शेपट्या गायब होत होत्या!

“रोग पडलाय! शेपट्या सडतायत,” मंडळाचे दगडूकाका म्हणाले. “खातपण नाहीत काही. आरती झाली की ब्लीचिंग पावडर टाकून हौद धुतो. संध्याकाळी विसर्जन आहे.”

“काका, मरतील ना ती!” इरावती म्हणाली.

“मग बाप्पाला घाण पाण्यात सोडू?” म्हणत काका मंडपात गेलेसुद्धा.

“आरती संपायच्या आत हौद रिकामा!” अनिश कुजबुजला.

त्याने टब आणून त्यात हौदातलंच थोडं पाणी घेतलं. पंचा ताणून धरत त्यांनी उरलेलं पाणी गाळलं. पिल्लं टबात आली.

“ए, शेपटीचा एक तुकडा सापडेल तर शपथ!” अनिश म्हणाला.

इरावतीने पंचा हुंगला. “आणि वासही नाही! सडल्या असत्या तर घाण सुटली असती. काका चुकले!”

“चोर आतच आहे!” वरच्या मजल्यावरून आवाज आला. जीवशास्त्र शिकणारी प्राचीताई कठड्यावरून वाकली होती. “मंडप उतरवताना बघता ना? धाडकन पाडत नाहीत. दोऱ्या सोडतात, कापड घडी करतात, सगळं टेम्पोत भरून दुसरीकडे वापरतात. शरीराचा निरोप आला की शेपटीतल्या पेशी अशाच स्वतःला उतरवतात. छोट्या छोट्या पुड्या बांधतात आणि शेजारच्या पेशी त्या खाऊन टाकतात!”

“म्हणजे शेपटी हाच त्यांचा डबा?” इरावतीने विचारलं.

“हो! म्हणून बाहेरचं खात नाहीत. मनू, आईच्या पोटात तुझी बोटंही पडद्याने जोडलेली होती. मधल्या पेशी अशाच गेल्या.”

मनू बोटं पसरून बघतच राहिली. मग एकदम किंचाळली, “ताई, हा बुडतोय!”

“टबात टेकायला काही नाही का? अगं, त्यांचे कल्ले गेले आता! त्यांना हवा लागते!” प्राचीताई ओरडली.

इरावतीला पाट आठवला. मनूने सांगितलं होतं! ती धावत सुटली. अनिशकडचा दीड दिवसाचा गणपती केव्हाच गेला होता. त्यांचा रिकामा पाट उचलून आणून तिने टबात तरंगत सोडला.

“अगं, बाप्पाचा पाट!” पावडरीची पिशवी घेऊन काका मंडपाच्या दारात उभे!

“बाप्पा गेले गावाला, काका. जागा रिकामीच आहे! पाटाची कल्पना मनूची!”

बुडणारं पिल्लू धडपडत पाटावर चढलं. धापा टाकत बसलं. काका वाकून बघत राहिले.

“आयला! हा तर धडधाकट बेडूक!” त्यांनी पिशवी खाली ठेवली. “पोरांनो, मी तर मारूनच टाकत होतो की! शाब्बास! पण खरा मान या छोटीचा.” आणि त्यांनी पहिला मोदक मनूच्या हातावर ठेवला.

“ताई, आता रांगोळी?” मनूने विचारलं. इरावतीने या वेळी न हसता रांगोळीची डबी आणली!

तुमच्याकडेही एखादा हौद, एखादं पिंप असेलच. जरा जाऊन डोकावता का? कडेला चढायला जागा नसेल, तर आत कुणीतरी दमलं असेल.