सात ओळी

भावाचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात खुर्चीचं डुगडुगणारं चाक पायाने दाबून धरून चहा पीत होते.

"ताई, बाबांचा पंप दुपारी चारला मधेच थांबतो गं. मग आपोआप सुरू होतो. आवाज नाही, दिवा नाही. तुमच्याच कंपनीचा ना? बघ की जरा."

बाबांचा रक्तदाब टिकवणारं औषध त्या पंपातून थेंबाथेंबाने जात होतं. दहा दिवस मी घर, ऑफिस, हॉस्पिटल अशी पाय ओढत फिरत होते, त्यात आता हे. पंप बदलायला सांग, म्हटलं.

"दोनदा बदलला. या औषधाला दुसऱ्या कंपनीचा चालत नाही म्हणे. आज अकरा सेकंद थांबला. डॉक्टर म्हणतात, अर्ध्या मिनिटाच्या वर गेलं तर बाबांना सोसणार नाही."

पंपाचा प्रोग्रॅम माझाच. तो ज्या भाषेत लिहिलाय ती आमच्या थोरल्या साहेबांनी घडवलेली. ते वारले आणि ती माझ्या गळ्यात पडली. माणसाने लिहिलेल्या ओळी यंत्राला कळत नाहीत. मधे कम्पायलर लागतो, म्हणजे त्या ओळींचे यंत्राला कळणारे आकडे करून देणारा दुसरा प्रोग्रॅम. गंमत अशी की आमचा कम्पायलरही त्याच भाषेत लिहिलाय. त्यामुळे नवा कम्पायलर जुन्याकडूनच करून घ्यायचा, आणि जुना त्याच्या आधीच्याकडून. कालच्या विरजणावर आजचं दही लागतं तसं. पहिलं विरजण साहेबांचं.

मी डोळ्यांत तेल घालून माझा प्रोग्रॅम वाचला. थांबायला कुठेच सांगितलं नव्हतं. मग त्याचे झालेले आकडे उघडले. तिथे सात ओळी जास्तीच्या होत्या. चार वाजले का बघ, अकरा सेकंद थांब, पुढे जा. मी त्या खोडल्या आणि दुरुस्त केलेलं कम्पायलरकडून पुन्हा बांधून घेऊन पंपावर पाठवलं.

दुसऱ्या दिवशी भाऊ म्हणाला, "पंधरा."

ओळी जागच्या जागी परत आल्या होत्या. असं होऊ शकतं हे मला ठाऊक होतं. कम्पायलर आपल्या पोटातलं काहीबाही गुपचूप पुढे सरकवू शकतो, कुठेही लिहिलेलं नसताना. मी त्याची पानंच्या पानं चाळली, खोट सापडली नाही, तरी त्यावरून कोरा करकरीत नवा कम्पायलर करून घेतला.

"वीस," भाऊ म्हणाला.

मग ठरवलं, कम्पायलरच नको. औषध सोडण्याचा भाग जेमतेम दोनशे ओळींचा. रजा टाकली, स्वयंपाकघराच्या टेबलावर वही घेऊन बसले आणि यंत्राच्या आकड्यांच्या तक्त्यात बघून एकेका ओळीचे आकडे स्वतः मांडले. बोटं आखडली, मान धरली. दुपारी वॉर्डात जाऊन नर्सच्या देखत ते सगळे पंपाच्या बटणांवर मीच दाबले. आता मधे कुणी नव्हतं.

"दमलीस गं," बाबा म्हणाले. मला रडूच आलं.

चार वाजले. नळीच्या तोंडाशी एक थेंब फुगला आणि तसाच लटकून राहिला. बाबांचे ओठ पांढरे पडत गेले. मी त्यांचा हात धरून मोजत होते.

सव्वीस.

बाहेर बाकावर बसून वही उघडली. एकतिसाव्या पानावर त्या सात ओळी होत्या. माझं अक्षर, माझी निळी शाई. मधे कोंबलेल्या नव्हत्या, ऐसपैस लिहिलेल्या होत्या. एका ठिकाणी माझ्याकडून पंचवीस पडलं होतं. ते नीट खोडून मी वर सव्वीस केलं होतं.

मला यातलं काहीच आठवत नव्हतं. माझ्या हातावर माझाच विश्वास उरला नाही.

भाऊ खिडक्यांना काचा बसवतो. कम्प्युटर म्हटलं की लांबूनच हात जोडतो. मी त्याला नवी वही दिली.

"मी सांगते ते फक्त लिही. अर्थ विचारू नकोस. उद्या चारच्या आत हे पंपात घालायचंय."

"आकडेच ना? सांग."

मी माझ्या वहीतून सांगत गेले, तो जीभ दातांत धरून लिहीत गेला. एकतिसावं पान आलं. मी त्या सात ओळींवर तळहात ठेवून त्या झाकल्या. क्षणभर थांबले.

त्याचं पेन थांबलं नाही.

मी गप्प होते. पेन चालूच होतं.

"हां, तेहतीस लिहिलं," तो मान वर न करता म्हणाला. "पुढे सांग."