दोन चाळीसची डिलिव्हरी

हे घडलेलं आहे. पटत नसेल तर सोडून द्या, पण खाली कमेंटमध्ये हसू नका. एक माणूस गेलाय.

गेल्या मे महिन्यातला दुसरा शनिवार. भर दुपार. बनारसला पंचगंगा घाटाच्या वरच्या गल्लीत आम्ही भाड्याने राहतो, चौथ्या मजल्यावर. माझा नवरा देवदत्त इथे बँकेत आहे.

बाहेर लू चालली होती, इकडचं भाजून काढणारं उन्हाळी वारं. मी ॲपवर सामान मागवलं. दहा किलो तांदूळ, तेल, दूध. चौदा मिनिटांत पोचेल, असं ॲप म्हणालं.

गोदामात पिशवी भरली की ते घड्याळ सुरू होतं. नकाशावर आमची गल्ली सरळ रेघ दिसते. तिच्या पायऱ्या दिसत नाहीत. गाडी चौकात सोडून माणूस ओझं घेऊन चालत येतो.

चाळीस मिनिटं झाली. देवदत्तने फोन लावला. पलीकडचा माणूस धापा टाकत होता.

"सर, थोड़ा नीचे आ जाइए. चक्कर आ रहा है..."

"घर तक लाना तुम्हारा काम है," देवदत्त म्हणाला, आणि तक्रार टाकून दिली. एक तारा.

"मी जाते खाली," मी म्हटलं.

"सवय लावू नकोस त्यांना."

मी गेले नाही. ते लपवत नाही.

दोन चाळीसला दारावर थाप पडली...

दुसऱ्या मजल्यावरचा कुत्रा कुणीही आलं की भुंकतो. तो गप्प होता. जिन्यात पावलंही वाजली नव्हती.

दारात चाळिशीचा माणूस. कंपनीचा टी-शर्ट. सगळं सामान एका हातात, कापसासारखं धरलेलं.

त्या उन्हात, इतकं चढून...

अंगावर घामाचा थेंब नव्हता.

"ओटीपी," एवढंच तो म्हणाला.

मी आकडे सांगितले. पाणी आणायला वळले. आले तर दारात फक्त सामान.

संध्याकाळी भाजीला उतरले. गल्लीच्या तोंडाशी पानवाला लोकांना सांगत होता. विश्वजीत नावाचा डिलिव्हरीवाला दोन वाजून दहा मिनिटांनी पायऱ्यांवर कोसळला. जागेवरच गेला.

माझ्या ऑर्डरवर हेच नाव होतं. ॲपवरच्या फोटोतला चेहरा दारात आलेलाच.

"उनका मोबाइल?" मी विचारलं.

"तब से चौकी में है. बंद पड़ा है."

मग माझा ओटीपी टाकला कुणी...

पायऱ्यांवर तांदूळ सांडले होते, फुटलेल्या पिशवीतून. आमच्या घरातली पिशवी सीलबंद होती.

मी ॲपवर सगळं लिहिलं. उत्तर एका सेकंदात आलं. आपल्या तक्रारीची दखल घेऊन रायडरवर कारवाई केली आहे.

मेलेल्या माणसावर कारवाई. मी फोन भिंतीवर फेकला.

चार दिवसांनी विश्वजीतची बायको पत्ता काढत आली. रडून झालेलं होतं तिचं. आवाज कोरडा होता.

"कंपनी कहती है, आईडी शाम सात बजे तक चली. पाँच घर और सामान पहुँचा. मतलब इन्होंने अपनी आईडी किसी और को दे रखी थी. इसलिए बीमा नहीं मिलेगा."

आणखी पाच घरं...

"मैडम, आप लिख दीजिए कि आपके यहाँ कोई नहीं आया. एंट्री ग़लत है."

मी लिहून दिलं. सही केली. देवदत्तपुढे कागद सरकवला.

"पण हे खोटं आहे," तो म्हणाला. "सामान आलं होतं."

"सही कर. आणि आज माझ्याशी बोलू नकोस."

त्याने केली.

कागद कंपनीत गेलाय. उत्तर नाही. फोन लावला की मशीन बोलतं.

माझा राग अजून उतरलेला नाही. त्या कंपनीवरचा नाही, नवऱ्यावरचा नाही, स्वतःवरचा तर नाहीच. आणि रागाखाली भीती आहे.

तो आला होता. जीव गेल्यावरही चार मजले चढून आला होता. आणि मी सही करून सांगितलं, कुणी आलं नाही.

हे त्याला कसं वाटलं असेल...

आता दुपारी मी दार उघडं ठेवते. लू सगळी घरात शिरते, देवदत्त कुरकुरतो, तरी लावू देत नाही. विश्वजीतला मला जाब विचारायचा असेल, तर निदान बाहेर ताटकळत उभं राहावं लागू नये.