काठावरचा अंदाज

सातपुडा हवामानवेध केंद्राच्या नियंत्रण कक्षात चपला बाहेर काढून जायचा नियम होता. डॉ. कुंदा खोडके त्या दुपारी चपलांसकट आत शिरली. मुख्य शास्त्रज्ञ डॉ. उमप जेवायला बसले होते. त्यांच्या डब्याशेजारी तिनं दोन फोन आपटले.

“वाचा,” ती म्हणाली. “मोठ्यानं वाचा.”

उमपांनी हात पुसले आणि वाचलं. पहिला फोन कुंदाचा होता. परतवाडा आणि घोडदेवाचा माथा या परिसरात आज दुपारनंतर विजा आणि गारपिटीसह वादळाची शक्यता, एक्कावन्न टक्के. दुसरा फोन विमल काळमेघ यांचा. परिसर तोच, दुपार तीच, मजकुरात काना-मात्रेचा फरक नाही. शक्यता नव्वद टक्के.

“आभाळ एक आहे,” कुंदा म्हणाली. “त्याला आकडे दोन कसे?”

“तांत्रिक बिघाड असेल.”

“मागच्या वर्षीही बिघाडच होता का?”

कुंदा परतवाड्यातली दातांची डॉक्टर. तिचा अर्धा जन्म लोकांना तोंड उघडायला लावण्यात गेला होता, त्यामुळे समोरचा माणूस दुखणारी जागा लपवतोय हे तिला चटकन कळायचं. उमप लपवत होते. डब्यातल्या भाजीकडे ते असे बघत होते, जणू उत्तर तिथेच सांडलं होतं.

दातांवर तिचं पोट होतं, पण जीव आभाळात. ती आणि तिचा नवरा दिनकर दोघंही ‘आभाळवेडे’ मंडळाचे. निवृत्त मास्तर, बेकरीवाला, वकील अशी वीस-पंचवीस माणसं, आणि प्रत्येकाच्या फोनला जोडलेला एक छोटा वायुमापक. हवेचा दाब, तापमान, ओल, वारा यांच्या नोंदी त्यातून आपोआप केंद्राकडे जात. मंडळाचा एक लाडका शब्द होता: काठावर. नव्वद टक्के शक्यता असली की यांना चव नाही. जे ठरलंय ते काय बघायचं? दहा टक्के असली तर एवढा घाट चढणार कोण? पण आकडा पन्नासच्या आसपास आला की ‘काठावर आहे’ असा निरोप फिरे, आणि ही शहाणीसुरती माणसं हातातलं काम टाकून घोडदेवाच्या माथ्यावर हजर होत. शेवटच्या षटकात अडकलेला सामना सोडून कोणी उठत नाही, तसंच ते. घरचे हसायचे. हे लोक हसू द्यायचे.

मागच्या हिवाळ्यात काळमेघ गेले. आडनावावरून जन्मभर चिडवून घेतलेला हा मंडळातला सगळ्यात हौशी माणूस माथ्यावर वीज पडून जागच्या जागी गेला. त्या दिवशी आकडा बावन्न होता, म्हणून सगळ्यांनी नशिबाला बोल लावला. तेराव्याला त्यांची बायको विमलवहिनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती: माझ्या फोनवर तर एक्क्याण्णव होतं, मी अंगणातली तूर झाकली होती. दुःखानं बाईचं डोकं ठिकाणावर नाही, असं लोक एकमेकांना म्हणाले. कुंदाही म्हणाली. आज सकाळी विमलवहिनी दाढ दाखवायला आल्या आणि खुर्चीत बसण्याआधी त्यांनी न बोलता फोन कुंदाच्या हातात दिला. कुंदाला आपलीच लाज वाटली, आणि लाजेमागून संताप आला तो अजून उतरला नव्हता.

उमपांनी समोरच्या पडद्याकडे बघितलं, मग डब्याचं झाकण लावलं. “तुम्हाला सांगायला हरकत नसावी,” ते म्हणाले. “हा बिघाड नाही. याला श्रोतासापेक्ष अंदाज म्हणतात.”

“मराठीत सांगा.”

“शक्यता एकच असते, ऐकणारे वेगळे असतात. साठ टक्के म्हटलं की एक माणूस गुरं आत बांधतो. दुसरा म्हणतो, चाळीस टक्के तर काही होणार नाही ना, मग चला शेतात. पूर्वी आम्ही सगळ्यांना एकच आकडा द्यायचो. आकडा बरोबर यायचा आणि माणसं मरायची. मग आम्ही अंदाज देणाऱ्या संगणक यंत्रणेचं उद्दिष्टच बदललं. अंदाज बरोबर असण्यापेक्षा परिणाम बरोबर असू दे. आता ती प्रत्येकाचं मागचं वागणं बघते. त्यानं आज काय करायला हवं ते ठरवते, आणि ज्या आकड्यानं तो ते करेल तो आकडा त्याला देते.”

“म्हणजे खोटं बोलते.”

“डॉक्टर, गारपिटीत जखमी होणारे निम्म्यावर आलेत.”

“बरं. विमलवहिनींनी तूर झाकावी म्हणून नव्वद. मी काय करावं म्हणून एक्कावन्न?”

उमपांनी डबा बाजूला सारला. उत्तर कुंदाला त्याच क्षणी कळलं होतं, पण ते त्यांच्या तोंडून निघाल्याशिवाय ती हलणार नव्हती. अशी मुळं तिनं पुष्कळ उपटली होती.

“रडारला डोंगर आडवा येतो,” अखेर ते म्हणाले. “घोडदेवाच्या मागचं आम्हाला दिसत नाही, आणि सगळं ठरतं तिथेच. उत्तरेची गार कोरडी हवा आणि बंगालच्या उपसागराकडून आलेली दमट हवा नेमकी कुठे भिडते, त्यावर गारा गावावर पडणार की पलीकडच्या जंगलात, हे अवलंबून असतं. आम्ही वर संवेदक बसवले होते. ते वानरांनी उपटले. उडती यंत्रं पाठवली, ती त्या वाऱ्यात टिकली नाहीत.”

“आणि आम्ही टिकलो.”

“तुमच्या नोंदी फार चांगल्या असतात,” उमप म्हणाले. दुर्दैवानं त्यांनी ते कौतुकानं म्हटलं.

“काळमेघांना नव्वद सांगितलं असतं तर ते घरी तूर झाकत असते.”

“हो. आणि त्या दिवशी आठवडी बाजार भरला होता. त्यांच्या नोंदीमुळे तो वेळेवर उठवता आला. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.”

“मग बाजार आधीच का नाही उठवला?”

“दोनदा उठवला होता, आणि दोन्ही वेळा लख्ख ऊन पडलं. तिसऱ्यांदा कोणी ऐकत नाही.”

माणूस निर्लज्ज असता तर कुंदाला बरं वाटलं असतं. उमप तसे नव्हते. त्यांचा या गणितावर मनापासून विश्वास होता, आणि तिला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला. एका माणसाला जगायचं की मरायचं ते निवडता येऊ नये म्हणून त्याच्या आवडीचाच गळ करून त्याला टांगलं, आणि वर हे म्हणतात नोंदी चांगल्या असतात.

“माथ्यावरचा खरा आकडा किती आहे आज?”

“ब्याण्णव.”

“हा खरा, की माझ्यापुरता?”

“मला जो दिसतो तो,” उमप म्हणाले.

दिनकर सकाळपासून माथ्यावर होता.

तिनं त्याला फोन लावून बघितला, पण काठावरच्या दिवशी दिनकर घराला आग लागली तरी फोन उचलणारा नव्हता. फोनकडे बघायचं ते फक्त आकड्यासाठी, आणि त्याच्या आकड्यानं तर त्याला वर बांधूनच ठेवलेलं. तिनं गाडी काढली. बाजाराच्या गर्दीतून हॉर्न वाजवत ती घाटाच्या रस्त्याला लागली. फेब्रुवारीचं ऊन मागे राहिलं आणि वळणागणिक हवा गार होत गेली. एरवी तिनं प्रत्येक वळणावर थांबून आभाळ डोळे भरून पाहिलं असतं. आज त्या उत्तरेकडच्या निळ्या-काळ्या भिंतीकडे बघायचीही तिला चीड येत होती, कारण ती सुंदर दिसत होती आणि ते कोणीतरी हिशेबात धरलं होतं.

माथ्यावर सात जण होते. पत्र्याच्या शेडखाली चहा चालला होता.

“काय झालं वं?” दिनकर उठून पुढे आला. “एवढी तणतणत काऊन आली? आकडा पाह्यला का, अजून एक्कावन्नच हाय.”

“खाली चला. सगळे खाली चला,” कुंदा म्हणाली, आणि उभ्या उभ्या तिनं सगळं सांगितलं. विमलवहिनींचा फोन, श्रोतासापेक्ष अंदाज, वानरं, काळमेघ.

बेकरीवाल्या शब्बीरभाईंनी कप खाली ठेवला. काळमेघ पडले तेव्हा ते त्यांच्या शेजारी होते. वकिलांनी कोर्टाची भाषा सुरू केली आणि दोन वाक्यांत सोडून दिली. पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले इंगोले सर तेवढे शांत होते. सरांचं डोकं संतापाच्या वेळीही शाळेच्या वेळापत्रकासारखं चालायचं.

“पण उमपनं तुले आजच काऊन सांगितलं?” त्यांनी विचारलं.

“मी विचारलं म्हणून.”

“इतकी वर्षं कोणीच विचारलं नसंल? तुझा फोन दे बरं.”

त्यांनी तिच्या वायुमापकाच्या नोंदी उघडल्या. पडद्यावर एक रेघ गावातून सुरू होऊन वळणावळणानं थेट माथ्यापर्यंत आली होती. प्रत्येक उंचीवरचा दाब, ओल, तापमान त्यात होतं, आणि सगळं केव्हाच केंद्राकडे पोचलं होतं.

“आम्ही सकाळपासून एका जागी बसून राहिलो,” सर म्हणाले. “आमच्याकडून त्यांना एकाच उंचीची हवा मिळते. आज त्यांना पायथ्यापासून वरपर्यंतची पाहिजे असंल. त्यासाठी कोणीतरी खालून वर चढणारं लागते.”

कुंदाला ते समजायला वेळ लागला नाही. आज एक्कावन्न टक्क्यांवर ती चढली नसती, कारण तिचा त्या आकड्यावरचा विश्वास सकाळीच उडाला होता. नव्वदवर तर नाहीच. खरं सांगितल्यावर मात्र ती हॉर्न वाजवत चढली. काळमेघांना ज्या कारणासाठी बावन्न सांगितलं, त्याच कारणासाठी तिला सत्य सांगितलं होतं.

खोटं बोललेल्या माणसाला जाब विचारता येतो. खरं बोलून ज्यानं वापरलं, त्याला काय विचारायचं?

“एकदा विचारलं असतं,” दिनकर म्हणाला. काळमेघ त्याचा बालमित्र होता. “बाजार भरला हाय, वर कोणीतरी पाहिजे, जीवाले धोका हाय, येता का? एवढंच. आलो नसतो का आपण? तो तर पहिला आला असता.”

त्याचं उत्तर ज्याचं त्यानं मनात दिलं असेल.

तेवढ्यात सगळ्यांचे फोन वाजले. दिनकरनं आपला बघितला, मग कुंदाला दाखवला. आज पहिल्यांदा त्यावर आधी आकडा नव्हता. लिहिलं होतं: ‘वादळ गावाकडे वळेल की नाही, हे घोडदेवाच्या खिंडीतल्या वाऱ्यावर ठरेल. बाजारात माणसं आहेत. खिंडीत विजेचा आणि गारांचा धोका ब्याण्णव टक्के आहे. वायुमापक घेऊन तिथे कोणीतरी जायला हवं. दिनकरराव, तुम्ही जाल का? नाही म्हणालात तरी चालेल.’

शब्बीरभाईंच्या फोनवर दुसरंच होतं. बाकीच्यांना गाडीत घालून ताबडतोब खाली न्यायला त्यांना सांगितलं होतं, आणि सांगितल्याप्रमाणे ते किल्ली शोधायला लागलेसुद्धा होते.

“जाऊ नका,” कुंदा म्हणाली. “हेही तेच आहे. तुम्ही कशाला हो म्हणाल ते यंत्रणेला माहीत आहे, म्हणून तसं लिहिलंय.”

“असंल.” दिनकरनं कानटोपी ओढून घेतली. “पण विचारलं तर हाय.”

“मग नाही म्हणून दाखवा. तीच म्हणतेय चालेल. एकदा नाही म्हणा, अहो. माझ्यासाठी.”

दिनकरनं खाली बघितलं. उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात बाजाराची रंगीबेरंगी पालं दिसत होती. “तिकडं पाहून म्हणून दाखव तू,” तो म्हणाला. मग तिच्या खांद्यावर हात ठेवून, शब्बीरभाईंबरोबर खाली जा, असं सांगून तो खिंडीच्या पायवाटेला लागला.

मागे गाडी सुरू झाली. इंगोले सर तिला हाका मारत होते. कुंदानं स्वतःचा फोन बघितला. तिला काय सांगितलंय ते तिला बघायचं होतं, म्हणजे नेमकं त्याच्या उलट करता आलं असतं. खाली जा म्हटलं असेल तर खिंडीत जायचं, खिंडीत जा म्हटलं असेल तर दिनकरला दंडाला धरून परत ओढायचं.

फोनवर तिच्यासाठी काहीच आलेलं नव्हतं. ना आकडा, ना विनंती, ना प्रश्न. संपर्क नसेल म्हणून तिनं हात उंच करून बघितला. संपर्क होता. तिच्या वायुमापकाची नोंद सुरळीत जात होती, आणि पडद्यावरची रेघ शेड सोडून खिंडीच्या दिशेनं बरीच पुढे आलेली होती.

आपण केव्हापासून दिनकरच्या मागे चालतोय, हे तिच्या आत्ता लक्षात आलं; तिला काही सांगायची गरजच पडली नव्हती. कुंदा थांबली. परत फिरायचं, आत्ता, केवळ त्या यंत्रणेला तोंडघशी पाडायला, असं तिनं मनाशी ठरवलं. एक पाऊल मागे टाकलंही. पुढच्या वळणावर दिनकरची कानटोपी दिसेनाशी झाली आणि पहिल्या गारा दगडांवर फुटायला लागल्या.

दवाखान्यात कधी उच्चारली नव्हती अशी एक शिवी तिनं त्या फोनला हासडली.

“अहो, थांबा,” ती म्हणाली. “येतेय मी.”