एक्केचाळिसाव्या किलोमीटरवरची वाळू

रस्ता करायला आलेली माणसं रस्ता करतात. माझे आबा रस्ता करायला आले आणि त्यांनी रस्त्याच्या जागेवर वाळूचा ढीग रचला. घराएवढा उंच आणि दोन किलोमीटर लांब. मग हात झटकून बसले. आठ महिने झाले, ढीग जागच्या जागी आहे. त्यावर गवत उगवलंय आणि एका सशानं बीळ केलंय.

मला सांगा, याचा राग येणार नाही का?

मी कृत्तिका बेडकिहाळ, वय साडेअकरा. आईबाबा वर्षभरासाठी अंटार्क्टिकाच्या तळावर बर्फ मोजायला गेले आणि मला आबांकडे, उत्तर जर्मनीतल्या टोर्फवीक नावाच्या गावी धाडलं. आबा मूळचे इचलकरंजीचे. जमिनीचे शास्त्रज्ञ. ऑटोबान (जर्मनीतला सिग्नल नसलेला वेगवान महामार्ग) क्रमांक एकशे एकोणतीस एका दलदलीतून जाणार आहे, आणि ती जमीन भक्कम आहे अशी आबांनी सही केल्याशिवाय तिथे काँक्रीट पडणार नाही. आबा सही करत नव्हते.

शाळेत मला रोज एकच कोडं घालायचे. "ज्याच्यावरून कुणी जात नाही असा रस्ता कोणाचा?" मग सगळे एका सुरात, "गोगलगाईचा!" गोगलगाय म्हणजे माझे आबा. यान्ने नावाच्या मुलीनं तर तोंडावर सांगितलं, "माझी आई नर्स आहे. रस्ता नाही म्हणून दलदलीला वळसा घालून दवाखान्यात जाते. रोज सत्तर मिनिटं जायला, सत्तर यायला. तुझ्या आजोबांमुळे." उत्तर नसलं की मला जास्त राग येतो.

त्या दिवशी घरी येऊन मी दप्तर फेकलं.

"आबा, तुम्ही सही का करत नाही?"

"वाळूचं काम अजून झालेलं नाही, कृत्तू."

"वाळू काय काम करते? नुसती पडून तर आहे! तुम्हीही तसेच. लोक वाट्टेल ते बोलतात आणि तुम्ही तोंडात मिठाची गुळणी धरून बसता. मला लाज वाटते तुमची. सही करा आणि संपवा एकदाचं!"

आबा चष्मा पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाले, "आज तीन वाजता नगरपालिकेत सभा आहे. सही करून टाकतो. परवापासून वाळू काढायला लागतील, नाताळपर्यंत रस्ता सुरू. तुला शाळेत त्रास नको." मग काठी घेऊन दलदलीकडे फिरायला निघून गेले. फोन नेहमीप्रमाणे फडताळातच राहिला.

मी घरभर उड्या मारल्या. दुसऱ्या दिवशी दसरा होता. म्हटलं, आनंदाच्या दिवशी श्रीखंड पाहिजेच, तेही आज संध्याकाळीच. चार किलो दही आणलं. तीन किलो मोठ्या पंच्यात बांधलं आणि नऊ वाजता न्हाणीघरातल्या नळाला टांगलं. आई चक्का रात्रभर टांगते हे मला ठाऊक होतं. पण रात्रभर कुणाला वेळ आहे?

अकरा वाजता पाहिलं तर पाणी आपलं ठिप् ठिप् गळतंय. पुरचुंडी अजून लिबलिबीत. मग मी ती दोन्ही हातांनी धरली आणि अंगातलं होतं नव्हतं तेवढं बळ लावून पिळली.

पाणी निघालं नाही. दहीच निघालं! पंच्याच्या विणीतून, गाठीतून, माझ्या बोटांतून पचापच बाहेर आलं, मग पंचा टर्रकन फाटला आणि निम्मं दही माझ्या अंगावर. मी त्या पंच्याला, त्या दह्याला आणि जर्मनीतल्या सगळ्या गाईंना शिव्या घातल्या.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," दारातून आवाज आला.

तो भुंगा होता. भुंगा म्हणजे आबांचा भोकं पाडणारा रोबो. सहा पायांचा, गाढवाएवढा, पुढे लांब सोंड. शनिवारी तो घरी येऊन विजेनं पोट भरून घेतो. त्याला मराठी आबांनीच शिकवलं, त्यामुळे बोलतो इचलकरंजीसारखं आणि टोचून तर त्याहून जास्त.

"तू गप्प बस," मी ओरडले.

"बसतो की. पण काय केलंस ते कळलं का तुला? बावीस वर्षांपूर्वी जे झालं, तेच केलंस बघ."

"काय झालं होतं?"

भुंग्यानं सोंडेनं आबांच्या खोलीतल्या भिंतीकडे दाखवलं. तिथे एक जुना फोटो आहे. मधोमध फाटलेला रुंद रस्ता, एक बाजू काळ्या चिखलात तोंड खुपसून पडलेली. मला वाटायचं, कुठल्यातरी भूकंपाचा असेल.

"भूकंप नाही. एक्केचाळिसावा किलोमीटर आहे तो," भुंगा म्हणाला.

मग त्यानं मला या रस्त्याची सगळी कुळकथा सांगितली. सव्वाशे वर्षांपूर्वी दक्षिणेकडून पहिला तुकडा बांधला, टेकाडाच्या वाळवट जमिनीवरून, काँक्रीटच्या लाद्यांचा. तो आजही टिकून आहे. मग महायुद्ध आलं आणि काम थांबलं. एक पूल बांधून झाला होता, पण त्याच्यापर्यंत रस्ताच पोचला नाही. तो शेतात एकटाच उभा आहे, वरून मेंढ्या जातात. नंतर देशाचे दोन तुकडे झाले, मधून काटेरी तार गेली आणि रस्ता दोन्हीकडून तुटला. देश पुन्हा एक झाला तेव्हा दोन टोकांकडून बांधत आले. राहिली मधली दलदल.

"जुन्या माणसांनी नकाशावर रस्ता टेकाडाच्या कडेकडेनं वळवून नेला होता," भुंगा म्हणाला. "नव्या लोकांनी पट्टी ठेवली आणि सरळ रेघ मारली. नऊ मिनिटं वाचतात म्हणून."

"मग? दलदलीत रस्ता होतच नाही का?"

"होतो. तिच्या कलानं घेतलं तर होतो. त्या दलदलीखाली काय आहे? पीट (हजारो वर्षं साचून अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा काळा थर). नऊ मीटर खोल. त्याच्या दहा भागांतले नऊ भाग पाणी. आता तुझ्या पुरचुंडीत काय होतं?"

"दही. म्हणजे… थोडा चक्का आणि पुष्कळ पाणी."

"हां. आता तू दाबलंस. बारीक बारीक छिद्रांतून पाण्याला बाहेर यायला वेळ लागतो. तेवढा वेळ तू दिला नाहीस. मग तुझा सगळा जोर कुणी झेलला? आत कोंडलेल्या पाण्यानं. त्याला म्हणतात रंध्रदाब (मातीच्या छिद्रांत अडकलेल्या पाण्याचा दाब). तो वाढला की मातीचे कण एकमेकांना धरून राहत नाहीत. सगळं मिळून बाजूला पळतं. दही तुझ्या बोटांतून पळालं, पीट रस्त्याखालून."

"आणि हळूहळू दाबलं तर?"

"तर नुसतं पाणी जातं, चक्का राहतो. कण जवळ येतात, घट्ट बसतात. याला म्हणायचं दृढीकरण (दाबाखाली पाणी निघून जाऊन माती आवळली जाणं). ती वाळू पडून नाही राहिलेली, कृत्तिके. ती दाबते आहे. होणाऱ्या रस्त्यापेक्षा मुद्दाम जड ठेवलीय, म्हणजे जे काय खचायचं ते आधीच खचून जाईल. आठ महिन्यांत जमीन सव्वा मीटर बसली. अजूनही बसतेय, दिवसाला दोन मिलिमीटर. अजून सोळा महिने लागतील."

मी फोटोकडे पाहत होते. "बावीस वर्षांपूर्वी वाळू ठेवली नव्हती?"

"ठेवली होती. उद्घाटनाची तारीख आली म्हणून निम्म्यातच काढली. तरुण शास्त्रज्ञानं सही दिली. दोन वर्षांनी रस्ता फाटला. पहाट होती, एक दूधगाडी खाली गेली. चालक वाचला, पण पुन्हा चालू शकला नाही."

मी विचारलंच नाही की सही कोणाची. आपल्या खोलीत असला फोटो कोण लावतं?

आणि त्याच माणसाला मी काल म्हणाले होते, सही करा आणि संपवा. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या, पण या वेळी ती माझ्यावरच होती.

"चल आत्ताच्या आत्ता!"

"कुठं? दलदल बावीस किलोमीटर लांब पसरलीय, त्यांचा फोन फडताळात आहे. तीन वाजता सभेत सापडतील. तोवर काय करणार? ओरडणार? ओरडणारे तिथे पुष्कळ आहेत. काहीतरी घेऊन चल."

मग मी राहिलेलं दीड किलो दही चार लहान पुरचुंड्यांत बांधलं. का लहान? तेही भुंग्यानंच सांगितलं. पुरचुंडी लहान केली की मधल्या पाण्याला कापडापर्यंत कमी वाट चालावी लागते, आणि प्रत्येक कापडाच्या वाट्याला पाणीही कमी येतं. दोन्हीकडून फायदा. अंतर निम्मं झालं की वेळ निम्मा नाही, पाव लागतो! त्या पुरचुंड्या चाळणीत ठेवल्या, वर पोळपाट, पोळपाटावर आधी एक पुस्तक, अर्ध्या तासानं दुसरं, मग पाण्याचा तांब्या. एकदम नाही. मध्ये एकदाही मी हात लावला नाही.

"दलदलीतही मी हेच करतो," भुंगा म्हणाला. "सोंडेनं खोलवर वाती (पाणी वर ओढून आणणाऱ्या लांब सच्छिद्र पट्ट्या) खुपसतो. दोन-दोन मीटरवर आहेत. आबांनी एक-एक मीटरवर मागितल्या होत्या. त्याला चौपट वाती लागतात आणि माझ्यासारखे आणखी चार जण. नगरपालिका म्हणाली, चार भुंगे बर्फ उपसायला ठेवलेत, मिळणार नाहीत."

"ते कुठे आहेत?"

"गोदामात. बर्फ पडून सहा वर्षं झाली."

अडीच वाजता मी भुंग्याच्या पाठीवर बसले. एका डब्यात घट्ट चक्क्याची पुरचुंडी, दुसऱ्यात उरलेल्या किलोभर दह्यातली ताजी, ओली पुरचुंडी.

सभागृह गच्च भरलं होतं. यान्ने आणि तिची आई पहिल्याच रांगेत. टेबलावर कागद, कागदाशेजारी आबा, आबांच्या हातात पेन. नगराध्यक्ष ब्रुन्स आबांच्या खांद्यावर हात ठेवून फोटोसाठी हसत होते.

"थांबा!" मी जर्मनमध्ये ओरडले. मग आबांना मराठीत म्हणाले, "आबा, मी काल चुकीचं बोलले. सही करू नका."

"बाळ, ही मोठ्यांची सभा आहे," ब्रुन्स म्हणाले. मला बाळ म्हटलेलं अजिबात खपत नाही.

"मोठे आहात ना? मग हे पिळून दाखवा." मी ओली पुरचुंडी त्यांच्या हातात दिली. "यातलं फक्त पाणी काढायचं. लवकर. नाताळ आलाय!"

लोक हसले. ब्रुन्सही हसले, आणि हसता हसता त्यांनी जोरात पिळलं. दही त्यांच्या बाहीवर गेलं, टायवर गेलं, आणि एक भला मोठा गोळा थेट त्या कागदावर, सहीच्या रिकाम्या जागेवर पडला.

मी दुसरी पुरचुंडी टेबलावर ठेवली. "आता ही दाबा." त्यांनी बोटानं दाबली. ती हलली नाही. त्यांनी तळहातानं दाबली. तरीही नाही.

"हे पण सकाळी तसलंच दही होतं," मी म्हणाले. "फरक एवढाच की याला वेळ दिला. तुमच्या रस्त्याखाली नऊ मीटर दही आहे! त्यावरून यान्नेची आई जाणार आहे. तुम्ही वाती दिल्या नाहीत, चार यंत्रं गोदामात गंजत ठेवलीत, आणि गोगलगाय कोणाला म्हणता? माझ्या आबांना?"

आबा उठले. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"बावीस वर्षांपूर्वी याच जागेसाठी मी सही केली होती," ते म्हणाले. "तेव्हाही सगळे घाईत होते. ती दूधगाडी माझ्या सहीवरून खाली गेली. आमच्याकडे घाटाघाटांत पाट्या असतात: अति घाई, संकटात नेई. लहानपणापासून वाचत आलो आणि ऐन वेळी विसरलो. आज पुन्हा विसरत होतो. ही सही मी करणार नाही. दुसऱ्या कुणाकडून घ्यायची असेल तर त्याला आधी हा डबा दाखवा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुष्कळ लोक चिडलेलेच होते. मग यान्नेची आई उभी राहिली. तिनं आबांना विचारलं, "आणि वाती मिळाल्या तर?"

"गणितानं सोळाचे चार महिने. पण जमीन गणित शिकलेली नाही, सहा धरा. मग वाळू काढून काँक्रीट. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही अकरा मिनिटांत दवाखान्यात पोचाल."

ती ब्रुन्सकडे वळली. "सहा महिने मी आणखी वळसा घालेन. सोमवारी गोदामाची किल्ली यांना द्या." ब्रुन्स टाय पुसत होते. त्यांनी होकारार्थी मान हलवली.

दसऱ्याला आम्ही श्रीखंड-पुरी केली. श्रीखंड इतकं थोडं झालं की वाटीला दोन चमचे आले. यान्ने आली होती. तिनं वाटी चाटूनपुसून साफ केली, मग म्हणाली, "गोगलगाय म्हटल्याबद्दल सॉरी." मी म्हटलं, बघते. माझा राग लगेच उतरत नाही. त्याचंही पाणी हळूहळूच निघतं.

सोमवारी चार नवे भुंगे वाळूवर चढले. आमचा भुंगा त्यांना इचलकरंजीच्या मराठीत ओरडत होता आणि त्यांना एक अक्षर कळत नव्हतं. संध्याकाळी आबांनी मला मोजपट्टी वाचायला दिली. जमीन त्या दिवशी तीन मिलिमीटर बसली होती. मी वहीत तारीख घालून आकडा लिहिला, आणि आबा म्हणाले, खाली तुझी सही कर.

मी पट्टी पुन्हा एकदा वाचली. मगच केली.